बोल्ट बसले, केंद्र चुकलं: ट्रकचा एसएम४६५ गिअरबॉक्स जीप सीजे-७ मध्ये

जनरल मोटर्सच्या ट्रकमध्ये १९६८ ते १९९१ या काळात एसएम४६५ हा चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स यायचा. बीडाची जाड केस, ३०५ मिमी लांबी आणि ८० किलोच्या आसपास वजन. जीप सीजे-७ मध्ये शेव्हरोलेटचं ३५० (घनइंची) इंजिन असेल तर हा गिअरबॉक्स ‘सरळ बसतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरंही आहे. चारही बोल्ट जुळतात, इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून फिरणं घेणारा दांडा) पोचतो, गिअर पडतात. घात तिथेच होतो. बोल्ट जुळले म्हणजे केंद्र (इंजिन आणि गिअरबॉक्सचा फिरण्याचा अक्ष) जुळलं असं नसतं, आणि गिअरबॉक्स जागेवर बसला म्हणजे मागचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) त्या जागेला राजी आहे असंही नसतं. या प्रकरणातल्या गाडीत दोन्ही चुका झाल्या आणि दोन्ही दुरुस्त झाल्या.

गाडी १९८२ ची सीजे-७, व्हीलबेस ९३.४ इंच. इंजिन ३५०, मागचं मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं तेलसील) दोन तुकड्यांचं, म्हणजे १९८५ किंवा त्याआधीचा ब्लॉक. ते या गाडीत पूर्वीच बसवलेलं होतं. त्यामागे जीपचा मूळ टी-१७६ गिअरबॉक्स, डाना ३०० ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारा डबा), मागे एएमसी २० अ‍ॅक्सल, पुढे डाना ३०. अ‍ॅक्सल रेशो ४.१०, टायर ३३ इंची. नवा गिअरबॉक्स आला तो सत्तरच्या दशकातल्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रकमधून. त्यामागे एनपी२०५ ट्रान्सफर केस होती, म्हणून आउटपुट शाफ्ट आखूड आणि १० स्प्लाइनचा (दांड्यावरच्या लांबट खाचांचा).

बदलाने नेमकं काय मिळतं

टी-१७६ चे रेशो ३.५२, २.२७, १.४६ आणि १.००. एसएम४६५ चे ६.५५, ३.५८, १.७० आणि १.००, रिव्हर्स ६.०९. डाना ३०० चा लो रेंज (हळू पण जास्त ताकदीची गती) २.६२. पहिला गिअर, लो रेंज आणि अ‍ॅक्सल यांचा गुणाकार केला तर जुना एकूण रेशो ३७.८ येतो आणि नवा ७०.४. इंजिन ७०० आरपीएमवर आयडल चालत असताना ३३ इंची टायरवर गाडी आधी ताशी २.९ किमी सरकायची, आता १.६ किमी. दगडांवरून उतरताना ब्रेक न लावता गाडी आवरता येणं या फरकात आहे. बदल करायचा तो यासाठी.

रस्त्यावर मात्र काही कमवायचं नाही, थोडं गमवायचंच आहे. चौथा गिअर दोन्हीकडे १.००, त्यामुळे ताशी १०० किमीला इंजिन आधीही सुमारे २,६०० आरपीएमवर होतं आणि आताही तिथेच राहतं. एसएम४६५ चा दुसरा गिअर हा जवळजवळ जुन्या गाडीचा पहिला. पहिल्याला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी कडी) नाही, तो फक्त उभ्या गाडीत टाकायचा. म्हणजे रोजच्या चालवण्यात उरले तीन गिअर, तेही लांब लांब ढांगांचे. दुसऱ्यात ३,००० आरपीएमपर्यंत नेऊन तिसरा टाकला की इंजिन थेट १,४२५ वर येतं. ३५० ला तळाशी टॉर्क आहे म्हणून ते ओढून नेतं. हलकं सहा सिलिंडर इंजिन असेल तर हा गिअरबॉक्स रस्त्यावर रडवतो, आणि ज्याची गाडी मुख्यतः हायवेवर चालते त्याने या वाटेला जाऊच नये.

आणखी एक हिशेब आधीच करून ठेवावा. इंजिनने ४०० न्यूटन-मीटर दिले तर पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजला ट्रान्सफर केसच्या बाहेर पूर्वी सुमारे ३,७०० न्यूटन-मीटर यायचे, आता ६,८०० च्या वर जातात. एएमसी २० चे मूळ हाफ शाफ्ट दोन तुकड्यांचे असतात: हब वेगळा, टेपर आणि चावीवर बसवलेला. नट सैल पडला की हब शाफ्टवर फिरतो. गिअरबॉक्स टिकेल, तुटणार ते मागे. या गाडीत एकसंध शाफ्ट आधीच घातले होते, नसते तर ते काम गिअरबॉक्सच्या आधी करावं लागलं असतं.

ट्रकमधून काढलेला गिअरबॉक्स तपासणं

तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्यायचं आणि तळाशी लोहचुंबक फिरवायचं. चुंबकावर राखाडी लापशी चालते, दाण्यासारखे तुकडे चालत नाहीत. मग बाजूचं पीटीओचं (गिअरबॉक्सवरून बाहेरची यंत्रं चालवायच्या जोडणीचं) झाकण उघडायचं. तिथून काउंटर शाफ्ट आणि बरेच गिअर दिसतात. पहिल्याच्या आणि रिव्हर्सच्या दातांच्या कडा पाहायच्या. चालत्या गाडीत पहिला कोंबायची सवय असलेल्या ट्रकमध्ये त्या गोल झालेल्या असतात. थोडी गोलाई चालते, अर्धा दात गेला असेल तर तो गिअर भाराखाली सुटणार. इनपुट शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहायचा. थोडी हालचाल असतेच, कारण शाफ्टचं टोक पायलट बुशमध्ये (क्रँकच्या टोकातल्या छोट्या आधारात) गेल्याशिवाय त्याला दुसरा आधार नसतो. पण फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग बदलायचं.

आउटपुट शाफ्टच्या स्प्लाइन मोजल्याशिवाय अडॅप्टर मागवू नये. हाच गिअरबॉक्स टू व्हील ड्राइव्ह ट्रकमधून आला तर शाफ्ट वेगळा, मागची रचना वेगळी. फोर व्हील ड्राइव्हमध्येही ट्रान्सफर केस बदलली तशा स्प्लाइन बदलल्या. एका स्प्लाइनवर खडूने खूण करून दोनदा मोजायचं.

पुढची बाजू: पहिली चूक

ट्रकमधल्या एसएम४६५ च्या इनपुट बेअरिंग रिटेनरचा बाहेरचा व्यास ५.१२५ इंच असतो. जनरल मोटर्सच्या कारच्या बेल हाउसिंगमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचातलं) भोक ४.६८६ इंचाचं. बोल्टची रचना तीच. हा रिटेनर नुसतं झाकण नाही. बेल हाउसिंगच्या भोकात तो घट्ट बसतो आणि गिअरबॉक्सला क्रँकशाफ्टच्या रेषेत धरतो. बोल्टांचं काम फक्त आवळून धरणं.

यावर दोन उपाय चालतात, एक बरा आणि एक धोक्याचा. ट्रकचंच बेल हाउसिंग शोधायचं, त्यात भोक ५.१२५ चं असतं. मात्र ते सीजेच्या बोगद्यात (गाडीच्या तळातल्या उंचवट्यात) मावतं का, हे आधी पाहावं लागतं. किंवा कारचं बेल हाउसिंग मशीनवर बोअर करून मोठं करायचं. या गाडीत दुसरा मार्ग निवडला गेला. बोअरिंग केलं ते जुन्या भोकाला धरून, ब्लॉकच्या डॉवेलला (बेल हाउसिंगची जागा ठरवणाऱ्या खुंट्यांना) धरून नाही. जुनं भोक जितकं सरकलेलं होतं तितकं नवंही सरकलं, वर मशीनवर पकडण्याची चूक त्यात मिसळली.

उलटी चूकही होते: ५.१२५ च्या बेल हाउसिंगमध्ये ४.६८६ चा रिटेनर. तिथे भोक मोठं असल्याने सगळं अलगद बसतं, कुणाला शंकाही येत नाही. केंद्र धरायला मात्र काहीच नसतं. त्यासाठी मधे कडी घालावीच लागते.

या गाडीत जोडणी करताना शेवटचे दहाएक मिलिमीटर गिअरबॉक्स आत जाईना. चार बोल्ट फिरवत तो ओढून घेतला. हे कधीही करू नये. क्लच प्लेट मधोमध असेल, पायलट बुश बरोबर असेल आणि केंद्र जुळलेलं असेल, तर गिअरबॉक्स हाताच्या रेट्याने बेल हाउसिंगला टेकतो. अडला तर बाहेर काढायचा आणि कारण शोधायचं. बोल्टने ओढला की एक तर क्लच प्लेटचा हब वाकतो, नाही तर केसचा कान तुटतो, नाही तर सगळं बसतं आणि ताण आत राहतो. इथे तिसरं झालं.

साधारण ४०० किलोमीटरनंतर लक्षणं दिसू लागली. न्यूट्रलमध्ये क्लच पेडल सोडलेलं असताना घूं असा आवाज, पेडल दाबलं की बंद. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चौथा गिअर सुटायचा. रिव्हर्स टाकताना घासायचा. पेडल दाबून पाच-सहा सेकंद थांबलं तरी घासणं जाईना, म्हणजे इनपुट शाफ्ट फिरतच राहत होता. पेडल वर असताना येणारा आवाज इनपुट बेअरिंगचा. पेडल खाली असताना येणारा रिलीज बेअरिंगचा किंवा पायलट बुशचा, कारण तेव्हाच त्यांच्यात सापेक्ष फिरणं होतं. एवढा भेद लक्षात ठेवला तर गिअरबॉक्स विनाकारण उघडावा लागत नाही. खाली उतरवल्यावर पायलट बुशचं भोक लंबगोल झालेलं आणि क्रँकच्या टोकाशी पितळी भुकटी साचलेली दिसली.

डायल गेज लावून पाहिलेलं

क्लच आणि गिअरबॉक्स बाहेर, फ्लायव्हील जागेवर, बेल हाउसिंग पूर्ण टॉर्कने आवळलेलं. स्पार्क प्लग काढून टाकले, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो. डायल गेजचा (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या घड्याळी मापाचा) चुंबकी पाया फ्लायव्हीलवर आणि टोक बेल हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या भिंतीवर. गेजचा दांडा आखूड आणि ताठ हवा. लांब दांडा खाली गेल्यावर स्वतःच्या वजनाने लवतो आणि खोटं माप देतो. क्रँक एकाच दिशेने फिरवत घड्याळाच्या चार जागी आकडे घेतले: १२ वर शून्य, ३ वर ०.००८ इंच, ६ वर ०.०१८, ९ वर ०.०१०.

आकडे खरे आहेत का, याची एक सोपी खूण आहे. समोरासमोरच्या जागांच्या बेरजा सारख्या याव्यात. इथे १२ आणि ६ ची बेरीज ०.०१८, ३ आणि ९ ची ०.०१८. जुळलं. बेरजा जुळत नसतील तर पाया सरकलाय किंवा भोक गोल नाही.

एकूण फरक ०.०१८ इंच, म्हणजे ०.४६ मिमी. चालतो तो ०.००५ इंचापर्यंत, म्हणजे ०.१३ मिमी. केंद्र प्रत्यक्षात सरकलेलं असतं ते या फरकाच्या निम्मं: ०.००९ इंच. ही निम्मी करायची पायरी विसरून दुप्पट दुरुस्ती केलेली कामं बरीच असतात. दिशा कशी ओळखायची? खाली गेज जास्त दाबला गेला, म्हणजे खालची भिंत क्रँकच्या केंद्राला जवळ आहे. भोक वर सरकलंय. बेल हाउसिंग खाली आणायचं.

यासाठी ऑफसेट डॉवेल मिळतात. लहान ब्लॉकच्या शेव्हरोलेटला ते ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाचे येतात. खुंटीचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा तेवढा सरकवून घासलेला असतो. ब्लॉकमधले मूळ डॉवेल उपटून काढायचे, नवे दोन्ही एकाच दिशेला वळवून ठोकायचे. दिशेत एकमेकांशी फरक पडला तर बेल हाउसिंग बसतच नाही, किंवा बसताना डॉवेलची भोकं ओरबाडतं. ०.००७ चे डॉवेल खालच्या दिशेला लावले. सरकण उरली ०.००२, गेजवर फरक ०.००४. मर्यादेत आलं.

नंतर गेजचं टोक बेल हाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर लावून तेच फिरवणं. तिथेही ०.००५ इंचाची मर्यादा. हे माप घेताना क्रँक पुढे-मागे सरकू देऊ नये, एका बाजूला दाबून धरावा. या गाडीत तोंड ०.००३ वर होतं, शिम (पातळ चकत्या) लागल्या नाहीत. या मोजमापाला दोन तास लागतात. ते पहिल्याच दिवशी केलं असतं तर इनपुट बेअरिंग, रिटेनरचं गॅस्केट, पायलट बुश आणि गिअरबॉक्स दोनदा चढवण्याची मेहनत वाचली असती.

क्लचचं सामान

टी-१७६ साठी बसवलेला पायलट बुश काढायचाच. एसएम४६५ चं टोक ०.५९० इंचाचं, शेव्हरोलेटच्या क्रँकमधल्या बुशचा बाहेरचा व्यास १.०९४. नवा बुश घेताना त्याला चुंबक लावून बघावं. चिकटला तर त्यात लोखंड आहे, तो शाफ्टचं टोक खातो. शुद्ध तेलमुरलेला कांस्याचा घ्यावा आणि त्यात ग्रीस ठासू नये. मुरलेलं तेलच त्याचं वंगण, ग्रीसने त्याची छिद्रं बुजतात.

क्लच प्लेट १ १/८ इंच, १० स्प्लाइनची, ११ इंच व्यासाची. फ्लायव्हील १६८ दातांचा, म्हणजे स्टार्टर तिरक्या ओळीत बोल्ट असलेला. १५३ दातांच्या छोट्या फ्लायव्हीलला सरळ ओळीतला स्टार्टर लागतो, आणि दोघांची अदलाबदल केली तर दात खरवडले जातात. फ्लायव्हील निवडताना मागच्या सीलचा प्रकार बघणं महत्त्वाचं. दोन तुकड्यांच्या सीलच्या ३५० ला समतोल फ्लायव्हील लागतो, बोल्टवर्तुळ ३.५८ इंच. १९८६ पासूनच्या एकसंध सीलच्या इंजिनाला ३.०० इंचाचं वर्तुळ आणि वजन जोडलेला फ्लायव्हील. ४०० घनइंचाच्या इंजिनाचा समतोल वेगळा, त्याचा फ्लायव्हील ३५० ला लावला तर इंजिन थरथरतं आणि दोष गिअरबॉक्सला लागतो. फ्लायव्हीलचे ७/१६ इंची बोल्ट ६० ते ६५ फूट-पाउंड, प्रेशर प्लेटचे ३/८ इंची ३५, बेल हाउसिंगचे ३० ते ३५. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळायचे. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की कव्हर वाकतं.

जीपची मूळ क्लच लिंकेज (पेडलपासून क्लचपर्यंतचे दांडे) चॅसिस आणि बेल हाउसिंगच्या मधे टेकते. इंजिन बदललं की ती भूमिती राहत नाही, म्हणून हायड्रॉलिक केलं. मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) ३/४ इंची, स्लेव्ह (क्लचचा फोर्क ढकलणारा) ७/८ इंची. व्यासांच्या वर्गांचं प्रमाण ०.७३ च्या आसपास. मास्टर ३० मिमी सरकला की स्लेव्ह २२ मिमी. फोर्कचं प्रमाण साधारण दोनास एक, म्हणजे रिलीज बेअरिंगला ११ मिमी. डायफ्राम क्लचला एवढं पुरतं. जास्त दिलं तर डायफ्रामची बोटं मर्यादेपलीकडे दबतात, म्हणून पेडलला थांबा लावायचाच. स्लेव्हचा ब्लीड निपल सगळ्यात वर यावा. उलटा बसवला तर हवा कधीच निघत नाही, पेडल स्पंजासारखं राहतं आणि माणूस मास्टर बदलत बसतो.

रिलीज बेअरिंग दोन उंचीचं मिळतं, सुमारे सव्वा इंच आणि सुमारे १.९ इंच. कोणतं लागेल ते प्रेशर प्लेटची बोटं सपाट आहेत की वाकडी, यावर ठरतं. पेडल मोकळं असताना फोर्क इंजिनाच्या दिशेने किंचित झुकलेला हवा आणि बेअरिंग ते बोटं यात दीड-दोन मिलिमीटर मोकळीक हवी. फोर्क आधीच मागे टेकलेला दिसला तर बेअरिंगची लांबी चुकलीय.

मागचा अडॅप्टर

डाना ३०० ला पुढून २३ स्प्लाइनचं भोक असतं. एसएम४६५ चा शाफ्ट १० स्प्लाइनचा. अडॅप्टरमध्ये एक जोडशाफ्ट येतो: पुढे १० स्प्लाइनचं भोक, मागे २३ स्प्लाइनचा दांडा, मधे बेअरिंग. बसवण्यापूर्वी जोडशाफ्ट दोन्ही बाजूंना कोरडा घालून पाहावा. ट्रान्सफर केस बोल्टशिवाय अडॅप्टरला टेकली पाहिजे. फट राहिली तर शाफ्ट तळाला लागतोय, आणि तसंच आवळलं तर तो दाब थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. दोघांच्या मधलं सील नवंच टाकावं. काही आठवड्यांनी एका डब्यातलं तेल कमी आणि दुसऱ्यातलं जास्त आढळलं, तर ते सील गेलेलं असतं, बाहेर एक थेंब दिसत नाही.

डाना ३०० वरच्या दिशेने फिरवून बसवली तर पोटाखाली जागा वाढते. पण पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन चढतो आणि ट्रान्सफर केसमधल्या तेलाची पातळी बदलते. इथे मूळ जागीच ठेवली. सीजेचा आणि त्या ट्रकचाही पुढचा डिफरन्शिअल उजवीकडे, म्हणून त्या बाजूने अडचण नाही. फक्त पुढचा शाफ्ट केसच्या अगदी जवळून जातो. स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना तिथे बोट जाईल इतकी तरी जागा हवी.

मागचा प्रॉपेलर शाफ्ट: दुसरी चूक

नवा गिअरबॉक्स आणि अडॅप्टर मिळून जुन्या जोडीपेक्षा ६५ मिमी लांब भरले. इंजिन हलवायचं नव्हतं, म्हणून ट्रान्सफर केस तेवढी मागे गेली. क्रॉस मेंबर मागे घेऊन चॅसिसला नवी भोकं पाडली, आत नळीचे तुकडे घातले म्हणजे बोल्ट आवळताना चॅनेल चेपत नाही. इथपर्यंत ठीक.

जुन्या शाफ्टची क्रॉस ते क्रॉस (टोकांच्या वळणाऱ्या सांध्यांमधली) लांबी ५३३ मिमी, दोन्ही टोकांतला उंचीचा फरक १३० मिमी. कोन १४ अंश. नवी लांबी ४७० मिमी, कोन १६ अंश. आउटपुट ४ अंश खाली झुकलेला, पिनिअन (अ‍ॅक्सलमध्ये जोर घेणारा छोटा गिअर) ४ अंश वर. म्हणजे दोन्ही क्रॉसवर प्रत्येकी १२ अंश. जुनाच शाफ्ट कापून, वेल्ड करून लावला होता. दोन्ही कोन सारखे, दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत, कागदावर सगळं बरोबर. तरी ताशी ६० ते ७० किमीला गाडी गुरगुरायची.

कारण असं. साधा क्रॉस १२ अंशांत फिरतो तेव्हा मधली नळी एका फेऱ्यात दोनदा सुमारे सव्वादोन टक्के पुढे पळते आणि तेवढीच मागे रेंगाळते. दुसरा क्रॉस हे अ‍ॅक्सलसाठी रद्द करतो, नळीसाठी नाही. ताशी ७० किमीला ती नळी सुमारे १,८०० आरपीएमवर असते, म्हणजे मिनिटाला ३,६०० झटके. त्यात जोर दिला की लीफ स्प्रिंग पिळतात, पिनिअन वर उचलतो, कोन असमान होतात, मग रद्द होणंही अर्धवट. थरथर कुठली ते ठरवायला गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन तेवढ्याच आरपीएमला नेलं. शांत होतं, म्हणून इंजिन आणि फ्लायव्हील बाद. चालत्या गाडीत क्लच दाबला तरी गुरगुर तशीच, म्हणजे ती चाकांच्या वेगाशी बांधलेली.

उपाय ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंटचा शाफ्ट. त्यात तिथला कोन दोन क्रॉसमध्ये वाटला जातो, आणि पिनिअन सरळ शाफ्टच्या रोखाने वळवायचा असतो, एक-दोन अंश खाली ठेवून, म्हणजे जोर आल्यावर तो रेषेत येतो.

इथे एक हमखास फसगत आहे. शाफ्ट १६ अंशांवर, म्हणून पिनिअन साडेचौदा करायचा असा हिशेब मांडला जातो. पण पिनिअन वळला की त्याचं योक वर चढतं आणि शाफ्टचा कोनच कमी होतो. अ‍ॅक्सलच्या केंद्रापासून योकचा क्रॉस २५० मिमीवर धरला, तर पिनिअन ४ वरून ११ अंशांवर नेताना योक ३० मिमी वर येतं. उंचीचा फरक १३० वरून १०० मिमी होतो आणि शाफ्ट साडेबारा अंशांवर येतो. दीड अंशाची ती खालची सवलत तिथेच पूर्ण होते. म्हणजे साडेचौदा नाही, ११ अंश. साडेचौदावर वेल्ड केलं असतं तर पिनिअन शाफ्टच्या रेषेच्या वर गेला असता आणि स्प्रिंगच्या बैठकी पुन्हा कापाव्या लागल्या असत्या. म्हणून बैठकी आधी नुसत्या टाक्यांवर धरायच्या, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची, कोन मोजायचे आणि मगच पक्कं वेल्ड करायचं. शाफ्टही त्यानंतरच मोजून करायला द्यायचा. इथे शेवटची लांबी ४६६ मिमी भरली. स्लिप जॉइंटला दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी वाव उरतो का, हे अ‍ॅक्सल पूर्ण लटकवून आणि पूर्ण दाबून पाहिलं.

पिनिअन वर वळला की त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोचतं, आणि भरायचं भोकही फिरून वेगळ्या उंचीवर जातं. त्यामुळे मूळ भोकाच्या पातळीवर विसंबून न राहता थोडं जास्त तेल ठेवलं.

लीव्हर, तेल आणि पहिले दिवस

लीव्हर वरच्या झाकणातून येतो. सीजेच्या बोगद्यावरचं झाकण बोल्टने निघतं, त्यात नवं भोक पाडून रबरी बूट बसवला. लीव्हर वाकवायचा असेल तर मधल्या भागात तापवायचा. खालच्या गोळ्याजवळ तापवला तर त्याची कडकपणाची प्रक्रिया उतरते आणि दोन वर्षांत लीव्हर डुगडुगायला लागतो. सगळे गिअर टाकून, सीट पूर्ण पुढे घेऊन पाहायचं. दुसरा आणि चौथा मागे येतात, तिथे सीटची कड लागते. स्पीडोमीटरचा ड्राइव्ह डाना ३०० वरच असल्याने त्याला हात लावावा लागत नाही.

गिअरबॉक्समध्ये सुमारे ४ लिटर ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं सिंक्रोच्या पितळी कड्यांना खाऊ शकतात, म्हणून तो मोह टाळायचा. डाना ३०० मध्ये वेगळं, दोन लिटरच्या आत.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर अडॅप्टरचे, क्रॉस मेंबरचे आणि यू-बोल्टचे नट पुन्हा आवळले. यू-बोल्टवर अर्धा फेरा मिळाला, बाकी सगळे जागेवर होते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या दोन्हींची तेलपातळी त्याच दिवशी आणि पुन्हा ५०० किलोमीटरला पाहिली, दोन्ही वेळा भोकाच्या कडेला.